सानुवासातील तेरा टिंबे

शके १८९६, आश्विन वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे दिनांक ४ नोव्हेंबर १९७४ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास, कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून अदमासे तीन हजार फूट उंचीवरील जंगलात, 'सानुवास' नावाच्या बंगल्याच्या पायरीवर मी उभा होतो आणि त्या बंगल्याचे खरे नाव काय यावरून एका बाईशी वाद घालीत होतो.

"सानबाचा बंगला म्हनत्यात," ती म्हणाली. "आता सानबा कोन व्हता ते इचारू नगासा. मला ठावं न्हाई."

"सानबा कोणी नव्हताच, बाई. सानु म्हणजे डोंगराचा माथा. सानुवास म्हणजे माथ्यावरचे घर. संस्कृत शब्द आहे."

"आसंल. पर हितं सानबाच्या नावानं वर्साला नारळ फोडत्यात. नवसाला पावतोय म्हनं."

"म्हणजे शब्दाच्या चुकीला नारळ फोडता तुम्ही."

"पावतोय न्हवं? मग चूक कशी?" असे म्हणून तिने माझी पिशवी उचलली आणि ती आत गेली.

तिचे नाव हौसाबाई झोरे. वय पंचेचाळिशीच्या आसपास, जात धनगर, बंगल्यामागच्या दोन खणी दगडी घरात एकटीच राहणारी. तिची सासू बायजा याच बंगल्यात कामाला होती. सासू गेली, नवरा गेला, बंगल्याचे मालक गेले, ही राहिली. माझे वय तेव्हा एकतीस होते. मी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवीत असे, आणि शिकवण्यापेक्षा भांडण्याबद्दल अधिक प्रसिद्ध होतो. बारा वर्षांपूर्वी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार मराठीतून हद्दपार झाले. 'नाहीं', 'केलें', 'घरें' यांच्या माथ्यावरची टिंबे पुसली गेली. मला ते मान्य नव्हते. ही टिंबे म्हणजे शब्दाची वंशावळ आहे, ती पुसणाराला आजोबांचे नाव विचारले तर सांगता येणार नाही, अशा आशयाची माझी पत्रे वर्तमानपत्रांतून छापून येत. त्यांपैकीच एक पत्र वाचून वकील गुंडोपंत खासनीस माझ्याकडे आले होते.

खासनीस हे सुखटणकर स्मारक न्यासाचे चिटणीस. सानुवास न्यासाच्या मालकीचा झाला होता आणि तिथे क्षयातून उठलेल्या रोग्यांसाठी आरोग्यधाम काढण्याचा त्यांचा विचार होता. "बंगल्याचा साद्यंत इतिहास लिहून द्या," ते मला म्हणाले. "दिवाळीच्या सुटीत आठ दिवस जाऊन राहा. कागदपत्रांची पेटी पाठवतो."

"आणि ती बाई?" मी विचारले, कारण आरोग्यधामाला पाणी लागणार आणि डोंगरावरचा एकमेव बारमाही झरा तिच्या घरामागे आहे, हे त्यांनीच बोलण्याच्या ओघात सांगितले होते.

"ती एक कागद दाखवते. घर मालकिणीने दिले म्हणते. तिच्यावर मामलेदारांकडे प्रकरण चालू आहे. कागद नोंदलेला नाही, त्यामुळे दान म्हणून त्याला किंमत शून्य. पण तो खरा ठरला, तर ती चाकर म्हणून नव्हे, हक्काने राहत होती असे होते, आणि मग तीस वर्षांची वहिवाट आमच्या छातीवर बसते. तुम्हीही जाता जाता नजर टाका. मला शुद्धलेखनातले काही कळत नाही."

त्यांनी 'शुद्धलेखन' हा शब्द का वापरला, असे मी त्या वेळी स्वतःला विचारले नाही. इतर सगळ्या गोष्टींचा मला संशय येत असे. माझ्या विद्येचे कौतुक करणाऱ्याचा मात्र येत नसे.

पेटीतले कागद मी पहिले तीन दिवस वाचले. बंगला बांधणारे रामचंद्र बाळाजी सुखटणकर हे एका संस्थानातून निवृत्त झालेले इंजिनिअर. १९०९ साली पायाचा दगड, १९१२ साली गृहप्रवेश. कौले मलबारातून गलबताने आली आणि बंदरापासून घाट चढून माणसांच्या डोक्यावरून वर पोहोचली. दर शंभर कौलांमागे किती फुटली याची नोंद त्यांनी ठेवली होती. पश्चिमेचा वारा थेट घरात शिरू नये म्हणून त्यांनी व्हरांडा सात अंशांनी वळवला होता. मुलगा विषमज्वराने १९३१ मध्ये गेला. तेव्हापासून सासरे आणि तेवीस वर्षांची विधवा सून उमाबाई, असे दोघेच त्या जंगलात राहत होते. १९४२ च्या वैशाखात सासरे गेले, १९५१ मध्ये सून.

सुखटणकरांची दैनंदिनी वाचताना मला आपला माणूस भेटल्यासारखे झाले. वाक्य आखीव, क्रियापद जागच्या जागी, आणि एकही अनुस्वार ढळलेला नाही. 'आज पाऊस उघडला. पश्चिमेकडील गवाक्षांचीं दारें रंगविलीं. सायंकाळीं सूनबाईंचीं पत्रें पाहिलीं.' हे शेवटचे वाक्य जवळजवळ रोज येई. एकाकी सुनेची माहेरची पत्रे सासरा तिच्यासोबत बसून पाहतो, हे चित्र मला हृद्य वाटले. इतिहासाच्या कच्च्या खर्ड्यात मी त्यावर एक परिच्छेदही लिहिला.

हौसाबाई मला दोन वेळ जेवू घाली. नाचण्याची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, एखादे दिवशी केळफूल. ताट ठेवले की ती उंबऱ्यावर टेके आणि माझ्या वहीकडे पाहत राही.

"आज कुठवर आलासा?"

"एकोणीसशे तीसपर्यंत."

"मी यायला आजून धा वर्सं हाईत म्हना." मग थोड्या वेळाने, "आमचं काय लिवनार?"

"जे खरे असेल ते."

"ते बरं. पर खरं कुनाला इचारून लिवनार?"

हा प्रश्न मला सूचक वाटला. मी वहीत नोंद केली : 'बाई धूर्त आहे.'

चौथ्या दिवशी तिने आपण होऊन कागद आणला. पत्र्याच्या डब्यात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. फडके फार स्वच्छ होते, हेही मी टिपून ठेवले. कागद एवढाच होता :

'ता. ११ नोव्हेंबर १९४३. बायजा झोरे हिस. तू राहतेस ते घर, त्यामागचे परडे व झऱ्याची वाट ही तुझी. मी दिली आहेत. माझ्यामागे तुला किंवा तुझ्या सुनेला कोणी उठवू नये. हे मी माझ्या मनाने लिहिले आहे. उमा सुखटणकर.'

मी तो एकदा वाचला आणि मला वाटले, चोर हाती लागल्यावर शिपायाला वाटत असेल तसे. १९४३ सालचा कागद, आणि 'तें घर' नाही, 'परडें' नाही, 'मीं' नाही, 'लिहिलें' नाही. मी बोटाने मोजले. टिंब जिथे असायलाच हवे अशा तेरा जागा होत्या. टिंब एकाही जागी नव्हते. हा कागद नव्या नियमांनी लिहिलेला होता, आणि नवे नियम या कागदाच्या तारखेनंतर एकोणीस वर्षांनी जन्माला आले होते.

चेहऱ्यावर काही न दाखवता मी विचारले, "हे कोणी लिहिले?"

"आक्कासाबांनी. उमाक्कांनी. माझ्यादेखत."

"आणखी कोण होते?"

"आत्ती व्हत्या माझ्या. बायजाआत्ती. आनि मी, चौदा वर्सांची. बास."

"उमाबाई काही बोलल्या लिहिताना?"

"बोलल्या न्हाईत. हसत व्हत्या."

"हसत?"

"व्हय. लिवायच्या आन हसायच्या. लिवून झाल्यावर कागद असा वर धरून बघितला, आन पुन्यांदा हसल्या."

दानपत्र लिहिताना कोण हसते? बनावट साक्षीदार नेहमी असा एखादा तपशील जास्त पुरवतो, असे मला वाटले. मी विचारले, "हा कागद तुम्ही कोणाला वाचायला दिला होता का?"

"खालच्या वाडीतल्या शाळामास्तरास्नी. दोन वर्सं झाली. मला कुठं वाचाय येतंय?"

शाळामास्तर. नव्या नियमांत तयार झालेला. साखळीची कडी कडीत बसली.

"काय हाय, मास्तर? काय वंगाळ हाय का कागदात?"

"पाहतो," मी म्हणालो.

इथे मी एक गोष्ट केली नाही, आणि ती मी का केली नाही याचे उत्तर आज चांगले देता येते. मी तिला टिंबांविषयी विचारले नाही. जिला अक्षर येत नाही तिला अनुस्वाराविषयी काय विचारायचे, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते.

तरीही मी घाई केली नाही. पेटीत उमाबाईंनी बेळगावच्या भावाला लिहिलेली अठ्ठावीस पत्रे होती. त्यांच्या निधनानंतर भावाने ती न्यासाला परत दिलेली. पहिले १९३२ चे, शेवटचे १९४१ चे. त्या काळीही शहरातली काही सुधारक मंडळी टिंबे गाळू लागली होती, हे मला ठाऊक होते. उमाबाई त्यांतल्या असतील तर माझा तर्क कोसळला असता. म्हणून मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पत्रे भिंग घेऊन तपासली. एकही टिंब चुकलेले नव्हते. अक्षर मात्र कागदावरच्या अक्षरासारखेच होते : तोच डावीकडे झुकलेला 'ल', तीच आखूड वेलांटी. म्हणजे लबाडाने अक्षर गिरवले आणि टिंबांना विसरला. मी वहीत आणखी एक बारीक नोंद केली : 'पत्रांतील अक्षरें तपकिरी, टिंबें काळसर. लिहून झाल्यावर टाक पुन्हा बुडवून टिंबें देण्याची बाईंची पद्धत दिसते.' आणि पुढे गेलो.

कोल्हापुरास परतल्यावर इतिहास लिहायच्या आधीच खासनिसांनी त्या एका कागदाबद्दल लेखी मत मागितले. मी ते दोन दिवस घासूनपुसून लिहिले. त्यातला शेवट मला अजून पाठ आहे : 'सदर कागदांत अनुस्वाराचीं तेरा स्थानें आहेत. तेराही स्थानें रिक्त आहेत. ज्या बाईंच्या अठ्ठावीस पत्रांत एकही अनुस्वार चुकलेला नाहीं, त्यांनीं एका कागदांत तेरा चुका करणें संभवनीय नाहीं. सबब हा कागद सन १९६२ च्या नंतर, नव्या नियमांनीं शिकलेल्या कोणीतरी, बाईंच्या अक्षराची नक्कल करून लिहिला आहे.' खासनिसांनी ते वाचले, घडी घातली आणि पेटी परत नेण्यासाठी त्याच संध्याकाळी माणूस पाठवला.

सुनावणी १७ जानेवारी १९७५ रोजी तालुक्याच्या कचेरीत होती. मला मत शाबीत करायला बोलावले होते. मी वेळेआधी पोहोचलो. कचेरीच्या आवारात चिंचेखाली हौसाबाई एकटीच बसली होती. पहाटे निघून चौदा मैल चालत आली होती. मला पाहून तिने पदर सावरला आणि शेजारची जागा झटकली.

"बसा, मास्तर. भाकरी खातासा?"

मी बसलो. खाल्ली मात्र नाही.

"तुमी माझ्या इरुद लिवलं म्हनं."

"मला जे दिसले ते लिहिले."

"ते लिवनारच की. तुमचं ते कामच हाय. निस्तं येवडं सांगा, काय दिसलं? कुनी सांगंना मला. वकील म्हनतोय खोटा हाय, शिपाई म्हनतोय खोटा हाय. कशानं खोटा, ते तरी कळू दे."

तिच्या आवाजात आर्जव नव्हते, चौकशी होती. मी काडी घेऊन मातीत 'परडे' असे लिहिले आणि त्याच्या डोक्यावर काडी टेकवून टिंब दिले. "पूर्वी इथे असा ठिपका देत. तुमच्या कागदात असे तेरा ठिपके हवे होते. एकही नाही. उमाबाईंच्या बाकीच्या सगळ्या पत्रांत ते आहेत. म्हणून तो कागद त्यांचा नाही."

तिने वाकून मातीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"ह्ये ठिपकं व्हय?" ती म्हणाली. "ह्ये तर थोरलं सायब द्यायचं."

"कोण?"

"थोरलं सायब. सासरा त्यांचा. मी लगीन होऊन आले तवा हुतं की. दोन वर्सं बघितलंय मी त्यास्नी. सांज झाली, दिवा लावला, की आक्कासाब कागद घिऊन व्हरांड्यात जायाच्या. थोरलं सायब आरामखुर्चीत. ह्या उभ्या. ते दौत मागायचं आन कागदावर ठिपकं देत जायाचं, तीळ पेरल्यागत. टिच टिच टिच. एकांदा लई हुकला असला तर कागद तोंडाम्होरं धरून इचारायचं, 'हितं काय राहिलं?' आक्कासाब खाली मान घालून उभ्या. मला वाटायचं, खेळ हाय. मी आत्तीस इचारलं, तर आत्ती म्हनली, 'गप. बाईचं पत्र दुरुस्त करत्यात.' "

"रोज?"

"लिवलेलं आसंल तवा. बिनठिपक्याचा कागद घाट उतरून गेलाच न्हाई कवा." ती थोडी हसली. "ते गेल्यावर दौत आक्कासाबांच्या खोलीत आली. पर ठिपकं न्हाई दिलं त्यांनी कवा. लई लिवायच्या, मास्तर. भावाला, मैतरनीला. समदं बिनठिपक्याचं."

तपकिरी अक्षरे, काळसर टिंबे. दोन शाया. दोन टाक. दोन माणसे. आणि रोजच्या त्या वाक्यातले 'पत्रें पाहिलीं'. सुटीआधी मीही दोनशे वह्या पाहिल्या होत्या, लाल शाईने. पाहणे म्हणजे काय, हे त्या कचेरीच्या आवारात माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितले?"

"तुमी इचारलंसा कुठं?" ती म्हणाली. "तुमी इचारलं, कोन व्हतं. म्या सांगितलं."

खासनीस कचेरीच्या व्हरांड्यात पान जुळवीत होते. मी त्यांना गाठून सगळे सांगितले. त्यांनी चुना लावता लावता ऐकले.

"सुंदर तर्क आहे," ते म्हणाले. "पण तुमचा आधीचा जास्त सुंदर होता."

"पेटीतली पत्रे पुन्हा पाहायला हवीत. शाई दोन प्रकारची आहे. आणि १९४२ नंतरची पत्रे कुठे आहेत? भावाने परत केली त्यांत ती असलीच पाहिजेत. पेटीत शेवटचे पत्र एक्केचाळीसचे होते."

"असतील. नसतील. मला आठवत नाही."

"तुम्ही ती काढून ठेवलीत?"

"पेंढरकर," त्यांनी पान तोंडात टाकले. "तुम्ही टिंबांचे माणूस. तुम्हाला टिंबे पाहायला दिली. इतिहास काय, कोण वाचतो?"

त्यांनी मला फसवले असे मी पुढे बरीच वर्षे सांगत असे. परंतु पेटीत खोटे एकही पत्र नव्हते. त्यांनी फक्त एवढे ओळखले होते की अठ्ठावीस पत्रे दिली की उरलेले काम मी स्वतः करीन.

मामलेदार शिंत्रे हे चष्म्याआडून शांतपणे पाहणारे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी माझे मत सावकाश वाचून दाखवले आणि विचारले, "हे तुमचेच?"

"होय. परंतु ते चुकीचे आहे. मी ते मागे घेतो."

कचेरीत जरा हालचाल झाली. मी उभे राहून सगळे क्रमाने सांगितले : सासऱ्यांची सवय, दोन शाया, दैनंदिनीतले वाक्य, आणि म्हणून बिनटिंबांचा कागद हाच उमाबाईंचा स्वतःचा असल्याची खूण. मी चांगले बोललो असे मला वाटले.

"सासऱ्यांची सवय तुम्हाला कोणी सांगितली?"

"हौसाबाईंनी."

"केव्हा?"

"आत्ता. बाहेर, चिंचेखाली."

शिंत्र्यांनी हौसाबाईकडे पाहिले. ती उठून म्हणाली, "व्हय, रावसाहेब. मी बघितलंय."

"बाई, कागद तुमचा, आणि साक्षही तुमचीच. दुसरे कोणी आहे?"

"आत्ती हुती. मेली."

"दोन शाया म्हणता," ते माझ्याकडे वळले. "पत्रे?"

"न्यासाकडे आहेत. मागवावीत अशी विनंती आहे. त्यापुढचीही."

खासनीस उठले. "न्यासाने अशी कोणतीही पत्रे दाखल केलेली नाहीत. खासगी कौटुंबिक पत्रे आहेत. आमची भिस्त यांच्या मतावर आहे, पत्रांवर नाही."

"तुम्ही पाहिली तेव्हा काही टिपून ठेवले होते?" शिंत्र्यांनी मला विचारले.

मी वही पुढे केली. त्यांनी ती नोंद मोठ्याने वाचली : " 'लिहून झाल्यावर टाक पुन्हा बुडवून टिंबें देण्याची बाईंची पद्धत दिसते.' बाईंची. ही नोंद कोणाची?"

"माझी."

"म्हणजे पत्र डोळ्यांपुढे होते तेव्हा तुम्हाला एक दिसले, आणि पत्र डोळ्यांपुढे नाही तेव्हा दुसरे दिसते."

"दैनंदिनीतले वाक्य पाहावे. 'सूनबाईंचीं पत्रें पाहिलीं.' पाहणे म्हणजे इथे तपासणे."

"कुठल्या कोशात?" खासनिसांनी विचारले.

"शिक्षक वह्या पाहतो, म्हणजे काय करतो?"

"मामलेदारसाहेब रोज टपाल पाहतात," खासनीस म्हणाले. "मग त्यात ठिपके देतात की काय?"

कारकून हसले. शिंत्रेही किंचित हसले आणि लगेच गंभीर झाले. मी पुन्हा बोलू लागलो. बिनटिंबांचे एकच वाक्य, 'हे मी माझ्या मनाने लिहिले आहे', हे पुन्हा पुन्हा वाचून दाखवू लागलो. माझा आवाज चढला. वाक्ये अर्धी तुटू लागली. आयुष्यात प्रथमच मला क्रियापद सापडत नव्हते. हौसाबाई माझ्याकडे पाहत होती, एखादा माणूस चिखलात रुतलेला पाहावा तशी, आणि मग तिने हळूच माझ्या कोटाची बाही ओढली.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. बसा."

मी बसलो.

शिंत्र्यांनी माझे लेखी मत पुन्हा उचलले, दोन्ही पाने सरळ केली. "पेंढरकर, तुम्ही आता जे सांगितलेत ते कदाचित खरेही असेल. मला ठरवता येत नाही. त्याला आधार या बाईचा शब्द, आणि बाईचा त्यात स्वार्थ. हे मात्र मी रात्री दोनदा वाचले आहे. या कचेरीत मी सव्वीस वर्षे कागद वाचतो आहे. इतका स्वच्छ, इतका मुद्देसूद कागद माझ्यापुढे आलेला नाही. यातले एकही वाक्य तुम्हाला आता खोडता आले नाही. तुम्ही फक्त म्हणता की ते चूक आहे."

"ते चूक आहे," मी म्हणालो.

त्यांनी पेन उचलले, कडेला चार ओळी लिहिल्या, सही केली, आणि लिहिलेले वाचून दाखवले :

"कागद बनावट. बाई चाकर म्हणून राहत होती. एका महिन्यात घर, परडे आणि झरा न्यासाच्या ताब्यात द्यावा."